'भामटा' आणि 'साव' : मराठी भाषेचा निवाडा

मराठी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एक मथळा हमखास भेटतो. भामट्याने वृद्धेचे दागिने लांबविले. तोतया पोलीस बनून भामट्यांनी प्रवाशाला लुटले. आणि अलीकडे, सायबर भामट्यांनी निवृत्त शिक्षकाला गंडा घातला. पकडला गेलेला इसम कोणत्याही जातीचा, कोणत्याही प्रांताचा असो; मराठी बातमीदाराच्या लेखी तो भामटाच. लिहिणाऱ्याच्या मनात कुणाविषयी वैर नसते, छापणाऱ्याच्या नसते, वाचणाऱ्याच्याही नसते. इतक्या निर्वैरपणे एखाद्या जातीला रोज चोर म्हणता येते, हीच या शब्दाची खरी ताकद आहे.

कारण भामटा हे मुळात एका जातीचे नाव आहे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत. बेरड, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद यांच्याबरोबर त्या यादीत 'भामटा' आहे आणि 'राजपूत भामटा'ही आहे. ज्या शब्दाने तहसील कचेरीत दाखला मिळतो, त्याच शब्दाने पोलीस ठाण्यात गुन्ह्याची बातमी लिहिली जाते. मराठीत शिव्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा जातीवरूनच आहेत. परंतु बहुतेक जातिवाचक शिव्या शिवी म्हणून ओळखू तरी येतात. 'भामटा' हा शब्द तसा ओळखू येत नाही. तो सभ्य भाषेत बसतो, अग्रलेखात बसतो, विधिमंडळातल्या भाषणात बसतो, पाठ्यपुस्तकातल्या गोष्टीतही बसतो. आई पोराला लाडाने 'भामटा कुठला!' म्हणते. त्यावरून भामटेगिरी झाली, भामटेपणा झाला. आपल्या वस्त्यांतही तो सर्रास बोलला जातो. दलित म्हणवून घेणाऱ्याच्या जिभेवरही तो शब्द तितक्याच सहज येतो, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

या लोकांना नावे तरी किती? शासनाच्या यादीत भामटा या नावाच्या पोटात टकारी, उचले, पाथरूट, कामाटी, गिरणी वडार अशी नावे दिलेली आहेत आणि त्यांतच एक नाव 'घंटीचोर' असे आहे. स्वतंत्र भारतातील एका राज्य सरकारच्या अधिकृत यादीत एका जातीच्या नावातच चोर हा शब्द बसलेला आहे आणि तो यादीत कसा राहिला, असा प्रश्न फारसा कुणी विचारलेला नाही. पण आपण या नावांकडे जरा थांबून पाहू. त्यांचे दोन गट पडतात. उचल्या, घंटीचोर ही नावे गुन्ह्याची आहेत. ती बाहेरच्याने ठेवलेली आहेत. कोणतीही जात स्वतःला चोर असे नाव ठेवून घेत नाही. टकारी, पाथरूट, गिरणी वडार ही नावे मात्र दगडाशी नाते सांगतात.

टकारी हा टाकीवाला. जाते वापरून वापरून गुळगुळीत झाले की दाणा भरडला जातो, दळला जात नाही. मग जात्याच्या दोन्ही तळ्यांना लोखंडी टाकीने टिच्चे मारून पुन्हा खडबडीत करावे लागते. पाट्या-वरवंट्याचेही तेच. हे काम दिसायला सोपे आहे. पण टिच्चा खोल गेला तर पिठात दगडाची कच येते, उथळ गेला तर महिनाभरात जाते पुन्हा गुळगुळीत होते. हे काम करणारा गावोगाव फिरत असे. मराठी मुलखातल्या बाईने पहाटे उठून जे पीठ दळले, ज्या जात्यावरच्या ओव्यांचे आपल्या विद्यापीठांतून इतके कौतुक होते, त्या जात्याला टाकी लावणारे हात याच लोकांचे होते. ओवीचा अभ्यास झाला, जात्याचा अभ्यास झाला. जात्याला टाकी लावणाऱ्याचा अभ्यास पोलिसांनी केला.

मध्य प्रांतात गेलेल्या भामट्यांची अशीच कथा आहे. तेथे त्यांच्यातील बरेचजण ताग पिकवीत, त्याच्या सुतळीचे दोर वळीत, गोणपाट विणीत. हे कुणा सहानुभूतीदाराने लिहिलेले नाही. रसेल या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यातच या कामाची नोंद आहे. म्हणजे नोंद करणाऱ्याला दोर वळणारे हात दिसत होते. पण भाषेत ताग राहिला नाही, दोर राहिला नाही, टाकी राहिली नाही. राहिली ती उचलेगिरी.

याचा अर्थ या समाजात चोरी करणारे कुणी नव्हते असा नव्हे. होते. बाजारात, जत्रेत, रेल्वेत गाठोडी उचलणारे होते आणि ते त्या समाजातल्या लेखकांनीच निर्भयपणे सांगितलेले आहे. प्रश्न वेगळा आहे. टकारी बलुतेदारीत नव्हता. त्याला वतन नव्हते, खळ्यावर हक्काचा वाटा नव्हता, गावात घर बांधायला जागा नव्हती. महाराला गावकुसाबाहेर का होईना, पण ठरलेली जागा होती आणि तिच्याबरोबर ठरलेला अपमान होता. याला अपमान होता आणि जागाही नव्हती. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि टाकीचे काम बसले. गिरणीच्या दगडालाही टाकी लागते, म्हणून काहीजण तिकडे गेले. बाकीच्यांनी काय करावे, याची चिंता करणारे कोणतेही खाते नव्हते. त्यांच्यावर नजर ठेवणारे खाते मात्र लवकरच निघाले.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. या कायद्यामागचा युक्तिवाद आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो इंग्लंडमधून आलेला नव्हता. इंग्लंडच्या कायद्यात गुन्हा माणूस करतो, जात करीत नाही. येथे विधेयकाचे समर्थन करताना असे सांगण्यात आले की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. तद्वत गुन्हेगाराचा मुलगा जन्मतः गुन्हेगार होतो, कारण तो त्याचा जातिधर्म आहे. हा विचार इंग्रजाला कुणी शिकविला? ज्या शास्त्राने कर्म जन्मावर टांगले त्याच शास्त्राने. इंग्रजाने त्याला फक्त कलमे, नमुने आणि शिक्के दिले. आजकाल एक नवी सोयीची मांडणी ऐकू येते की जात घट्ट केली ती इंग्रजांनी, गुन्हेगार जमाती निर्माण केल्या त्याही इंग्रजांनी. त्यापूर्वी सारे गुण्यागोविंदाने नांदत होते. वसाहतवादाची चिकित्सा जरूर व्हावी. पण इंग्रजाने गावात येऊन विचारले की येथे चोर कोण, तेव्हा उत्तर कुणी दिले? पाटलाने, कुळकर्ण्याने, देशमुखाने दिले. १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले, त्यात 'उचल्या' या जातीचे वर्णन आहे. ते वाचताना साहेबाचा आवाज कमी आणि गावच्या चावडीचा आवाज अधिक ऐकू येतो.

मुंबई इलाख्याला हा कायदा प्रत्यक्षात लागू झाला तो १९११ च्या नव्या कायद्याने. त्याआधी १९०८ साली मायकेल केनेडी या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड पुस्तक लिहून जमीन तयार केलेली होती. पुढे १९२४ साली सगळे कायदे एकत्र करण्यात आले. माणसाचे नाव नोंदवहीत चढले की त्याच्या बोटांचे ठसे घेतले जात. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडून जायचे तर परवाना काढावा लागे. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे काटेरी तारांच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. लोक त्यांना सेटलमेंट म्हणत, आणि सोलापुरात तो शब्द आजही जुन्यांच्या तोंडी आहे. सोलापूरच्या कापड गिरण्यांना त्या तारांआडून स्वस्त मजूर मिळाले. कुंपणातला माणूस पहाटे हजेरी देऊन गिरणीत आठ-दहा तास राबे आणि परत येऊन पुन्हा हजेरी देई; इतके करून भाषेत तो गिरणी कामगार झाला नाही, भामटाच राहिला. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाच वर्षे सोळा दिवसांचा हा फरक भटक्या-विमुक्तांचा कार्यकर्ता अजूनही बोटांवर मोजून दाखवतो.

आता त्याच काळातल्या दुसऱ्या एका फसवणुकीकडे येऊ. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय 'भामटा' या शब्दाचे मोल कळत नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. पाहता पाहता पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. शेतकऱ्यांनी सावकारांना ठार मारण्याचा सपाटा लावला नाही. त्यांनी मागितले ते कर्जरोखे, आणि मिळाले की ते जाळून टाकले. जिवापेक्षा कागदावर राग का होता? कारण फसवणूक कागदात होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढलेला भाव १८६५ नंतर कोसळला, सारावाढ झाली आणि अक्षरशत्रू कुणबी सावकाराच्या दारात अधिकाधिक जाऊ लागला. घेतलेली रक्कम एक, लिहिलेली दुसरी. फेडीची पावती नाही. जुन्या कर्जाचे व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा. आणि त्यावर ज्याला वाचता येत नाही त्याची निशाणी. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. त्या कायद्यातील तरतुदी पाहाव्यात. न्यायालयाने नुसता रोखा पाहू नये, त्यामागील व्यवहाराचा सारा इतिहास पाहावा. रोखे गावच्या निबंधकासमोर लिहून नोंदवावेत. सावकाराने फेडीची पावती द्यावी. अशा तरतुदी कुणासाठी कराव्या लागतात? जो खोटे लिहितो त्याच्यासाठी.

म्हणजे ज्या दशकात एका कायद्याने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्याच दशकात दुसऱ्या कायद्याने एका पेशातील फसवणूक इतकी मान्य केली की तिच्यासाठी दिवाणी न्यायाची पद्धत बदलावी लागली. पण त्या दुसऱ्या कायद्याने कोणतीही जात गुन्हेगार म्हणून नोंदविली नाही. सावकाराच्या मुलाच्या बोटांचे ठसे कुणी घेतले नाहीत. परगावी वसुलीला जाताना त्याला चावडीवर परवाना काढावा लागला नाही. त्याचा अपराध त्या त्या रोख्यापुरता, त्या त्या दाव्यापुरता. भामट्याचा अपराध रक्तातला.

आणि भाषेने काय केले? सावकार हा शब्द पाहा. साधु, साहु, साव अशी त्याची वाट आहे. मराठीत साव म्हणजे प्रामाणिक, सचोटीचा. चोर कोण आणि साव कोण असे आपण सहज विचारतो. ज्याच्या वहीविरुद्ध अर्धा दख्खन पेटला त्याच्या धंद्याच्या नावातच मराठीने सचोटी कोरून ठेवली. लबाडीने रोखा लिहिणाऱ्याला 'सावकारी करतो' म्हटले तर ते वर्णन होते. गाठोडे उचलणाऱ्याला 'भामटा' म्हटले की तो निवाडा होतो. जोतीराव फुल्यांनी 'ब्राह्मणाचे कसब' १८६९ साली लिहिले, पुढे 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि भट, कुळकर्णी, सावकार यांची फसवणूक तपशिलाने उघडी पाडली. एवढे होऊनही या मंडळींपैकी कुणाचेही जातिनाम मराठीत फसवणुकीला प्रतिशब्द म्हणून रूढ झाले नाही. शब्द रूढ कोण करतो, ते यावरून ध्यानात यावे. शाळा ज्याची, छापखाना ज्याचा, कोश ज्याचा, शब्द त्याचा.

मी माझ्या वर्गात कधी कधी फसवणुकीच्या शब्दांची उतरंड फळ्यावर मांडतो. बाजारात पिशवी मारली तर उचलेगिरी किंवा भामटेगिरी. कचेरीतल्या कारकुनाने पैसे खाल्ले तर अफरातफर. शब्द फारशी वळणाचा, दफ्तरी. संस्थेच्या अध्यक्षाने खाल्ले तर अपहार किंवा गैरव्यवहार. शब्द संस्कृत, सोवळ्यातला. आणि रक्कम मोजता येईनाशी झाली की घोटाळा. घोटाळा म्हणजे मुळात गोंधळ, गफलत. १९९२ साली शेअरबाजारात हजारो कोटींचा जो प्रकार झाला त्याला आपण प्रतिभूती घोटाळा म्हणालो. जणू कुणाची तरी बेरीज चुकली होती. कर्ज बुडवून परदेशी पळालेल्याला आपण थकबाकीदार म्हणतो, उद्योगपती म्हणणेही सोडत नाही. विद्यार्थी हसतात. हसण्यासारखेच आहे ते.

जातीचे नाव न घेता फसवणुकीला शब्द देता येतो, याचा एक चांगला पुरावा याच देशात आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीच्या गुन्ह्याचे कलम होते चारशे वीस. त्यावरून 'चारसोबीस' हा शब्द झाला, खेड्यापाड्यांत गेला, १९५५ साली राज कपूरच्या 'श्री ४२०' या चित्रपटाच्या नावात गेला. कुणालाही लागणारा, कुणाच्याही आईबापाला न लागणारा शब्द. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम तीनशे अठरा झाले. पण 'तो तीनशे अठरा आहे' असे अजून कुणी म्हणत नाही. बोली कायद्यापेक्षा सावकाश चालते. ही गोष्ट आपल्या प्रश्नातही विसरून चालणार नाही.

हा खेळ केवळ मराठीत चालला असेही नाही. इंग्रजीत फसविण्याला 'जिप' असे एक जुने बाजारी क्रियापद आहे. ते 'जिप्सी' या शब्दावरून आले असे मानले जाते, आणि जिप्सी हे नाव तरी कोठले? हे लोक इजिप्तमधून आले असा युरोपचा गैरसमज, त्यावरून पडलेले. प्रत्यक्षात ते आपल्याच भूमीतून सुमारे हजार वर्षांपूर्वी बाहेर पडले. त्यांच्या रोमानी भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात, माणसाला 'मनुष' म्हणतात, काळ्याला 'कालो' म्हणतात. रुमानियाच्या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते गुलाम होते. हिटलरच्या राजवटीत त्यांची लाखोंनी कत्तल झाली. येथून निघालेला भटका जगाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तेथेही फसवणुकीच्या शब्दात जाऊन पडला. १९७१ साली लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली आणि आम्हाला रोमा म्हणा, असे त्यांनी सांगितले. आज अनेक इंग्रजी कोश 'जिप' या क्रियापदापुढे ते अवमानकारक असल्याची खूण करतात. मराठी कोशात 'भामटा' या शब्दापुढे तशी खूण मला अजून दिसलेली नाही.

या प्रश्नाकडे आंबेडकरी चळवळीने परका प्रश्न म्हणून पाहू नये, याला इतिहासाचा आधार आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा कारभार पाहिलेले अधिकारी होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९३० साली आलेल्या अहवालात अस्पृश्य, आदिम जमाती आणि इतर मागासलेले असे वर्ग करून त्यांत भटक्यांचा विचार झालेला आहे. पुढे १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य हे तीन वर्ग एकत्र ठेवले आणि असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती म्हणावे काय, असा सवाल केला. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांनी त्या जमातींना उभे केले नाही, हिंदू संस्कृतीला उभे केले. आपल्या साहित्याने हा सवाल पुढे नेला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. पोलिसांच्या नोंदवहीतला शब्द पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आला, दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या वृत्तपत्रांनी त्या पुरस्काराच्या बातम्या पहिल्या पानावर छापल्या, त्यांनी आतल्या पानावरचा भामटा मात्र जागचा हलविला नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू अवघड आहे. तीन-चार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी चालली होती. कारकून नाव आणि जात मोठ्याने वाचीत होता. एका मुलाच्या नावापुढे त्याने 'भामटा' असे वाचले आणि रांगेत हशा पिकला. कारकुनाने मान वर करून पाहिले आणि म्हणाला, "हसता काय? सरकारनेच लिहिलंय." मुलगा दाखल्याची झेरॉक्स घेऊन निघून गेला. आठवड्याने तो मला भेटला तेव्हा त्याने एवढेच विचारले, "सर, सवलत राहू देऊन शब्द बदलता येतो का?"

कायद्याने जातीचे नाव हाच हक्काचा पुरावा केलेला आहे. नाव टाकले की हक्क लटकतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपण हे भोगलेले आहे. ज्यांनी जुने नाव टाकून बौद्ध म्हणवून घेतले, त्यांच्या केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे स्वाभिमानाची किंमत मोजावी लागली. भामटा या नावाच्या बाबतीत गुंता त्याहून वेगळा आहे. २०२३ साली राजपूत समाजाच्या एका मेळाव्यात तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी 'राजपूत भामटा' या नावातून भामटा हा शब्द वगळण्याचे आश्वासन दिले. वरवर पाहता यात वाईट काय? कलंक पुसला जातो. पण भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो विरोध रास्त होता. शब्द वगळला की उरते राजपूत. आणि मग विमुक्तांच्या तीन टक्क्यांच्या दारात कोण कोण येऊन उभे राहील? ज्या शब्दाने एका जमातीचे आयुष्य नासवले, तोच शब्द आज त्या जमातीच्या दारावरची कडी झालेला आहे. ती कडी काढायची तर आधी भिंत बांधावी लागेल. टकारी हे नाव यादीत आहेच. ते आणि तत्सम श्रमाची नावे पुढे घेऊन जुनी नावे केवळ नोंदीच्या संदर्भापुरती ठेवणे अशक्य नाही. पण हा निर्णय त्या समाजाच्या तरुणांनी, जातपडताळणीची खिंड ज्यांनी स्वतः चढली आहे अशांनी घ्यायचा आहे. मेळाव्यातल्या टाळ्यांवर तो होऊ नये.

कायद्याचे आणखी एक दार बंद आहे. जातीवरून अपमान केला तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरतो. पण तो अनुसूचित जाती-जमातींपुरता. महाराष्ट्रातील बहुतेक विमुक्त जाती त्या यादीत नाहीत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आहे आणि मराठवाड्यात नाही. जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच माणसाचा तोच अपमान गुन्हा उरत नाही. भामट्याला तर विदर्भातही ते संरक्षण नाही. अलीकडे एकच आशादायक गोष्ट घडली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवरून काम वाटणारे नियम रद्द केले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही घटनाबाह्य ठरविल्या. हे प्रकरण एका पत्रकार स्त्रीने न्यायालयात नेले होते. बातम्या लिहिणाऱ्यांपैकीच एकीने हे केले, याची मराठी वृत्तपत्रांच्या संपादकांनी नोंद घ्यायला हरकत नाही. ठक, लबाड, तोतया, लुटारू हे शब्द त्यांच्याजवळ आहेत आणि मथळ्यात त्यांना जागाही जास्त लागत नाही.

एक काम मात्र संपादकांवर आणि न्यायालयांवर सोपविता येणार नाही. टाकीच्या कामाचे शब्द कुठेही नोंदलेले नाहीत. टिच्च्यांचे प्रकार, दगड पारखण्याच्या खुणा, टाकीला पाणी देण्याची रीत, गावागावांतले मजुरीचे दर, दारोदार हाळी देण्याची पद्धत, बायका पाटा टाकवून घेताना घालीत त्या घासाघिशी. हे सारे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, नगर या भागांतील जे विद्यार्थी आणि शिक्षक हे वाचतील, त्यांनी आपल्या आसपासच्या टकारी वस्तीत जाऊन असे शब्द जसेच्या तसे उतरवून या त्रैमासिकाकडे पाठवावेत. शब्द सांगणाऱ्याचे वय आणि गाव लिहावे. आणि तो स्वतःला कोणत्या नावाने ओळखतो, तेही त्यालाच विचारून लिहावे.